वाचकांची वहिवाट आणि पडद्यावरचा लेस्टॅट

१९९३ साली हॉलिवूडमधून एक वार्ता बाहेर पडली आणि अमेरिकेतील कादंबरीवाचकांच्या एका मोठ्या समुदायात असा क्षोभ उसळला, की तो शमण्यास चित्रपट प्रत्यक्ष पडद्यावर यावा लागला. वार्ता एवढीच होती, की अ‍ॅन राइस यांच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ या कादंबरीवर निघणाऱ्या चित्रपटात लेस्टॅट या रक्तपिपासू पिशाच्चाची भूमिका टॉम क्रूझ हा नट करणार. क्रूझ त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होता. ‘टॉप गन’मधला उमदा वैमानिक आणि ‘अ फ्यू गुड मेन’मधला तरुण लष्करी वकील म्हणून तो घराघरांत ठाऊक झालेला होता. परंतु ज्या वाचकांनी लेस्टॅटला वर्षानुवर्षे आपल्या मनात वागविले होते, त्यांच्या दृष्टीने हीच त्याची सर्वांत मोठी अपात्रता होती. त्यांचा लेस्टॅट सहा फूट उंचीचा, दाट सोनेरी केसांचा, फ्रेंच उमराव घराण्यात जन्मलेला, क्रूर आणि तरीही मोहक असा होता. काळ्या केसांचा, मध्यम उंचीचा आणि प्रसन्न हास्याचा हा अमेरिकन तरुण त्याच्या जागी बसणार, ही कल्पनाच त्यांना असह्य वाटली. निषेधाची पत्रे गेली, बहिष्काराची भाषा निघाली. आणि या फिर्यादींत सर्वांत मोठा आवाज कोणाचा असेल, तर तो खुद्द लेखिकेचा होता.

कादंबरीवर चित्रपट निघाला म्हणजे ‘पुस्तकातली मजा सिनेमात नाही’ हा अभिप्राय आपल्याकडेही हटकून ऐकू येतो, आणि बहुधा तेवढ्यावरच चर्चा संपते. या विशिष्ट चित्रपटाच्या बाबतीत मात्र चाहत्यांचा क्षोभ, लेखिकेचा विरोध, तिचे मतपरिवर्तन आणि त्यानंतर प्रेक्षकांनी केलेला निवाडा यांचा क्रम इतका स्पष्टपणे उपलब्ध आहे, की वाचकाचा कलाकृतीवर नेमका कोणता हक्क पोहोचतो, या प्रश्नाचा शांतपणे विचार करावयाचा झाल्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

कादंबरीचा जन्म एका दुःखातून झाला. न्यू ऑर्लिन्स शहरात १९४१ साली जन्मलेल्या अ‍ॅन राइस आपले पती, कवी स्टॅन राइस यांच्यासह कॅलिफोर्नियात राहत असताना त्यांची मुलगी मिशेल १९७२ साली रक्ताच्या कर्करोगाने दगावली. तिला सहावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यानंतर काही काळाने राइसबाईंनी आपली एक जुनी लघुकथा बाहेर काढली आणि थोड्याच आठवड्यांत तिची कादंबरी झाली. ती १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. लुई नावाचा लुइझियानातील एक तरुण मळेमालक १७९१ साली लेस्टॅटच्या दंशाने पिशाच्च होतो आणि सुमारे दोन शतकांनंतर सॅन फ्रान्सिस्कोतील एका खोलीत बसून एका तरुण मुलाखतकाराला आपली कहाणी सांगतो, अशी तिची मांडणी आहे. या कहाणीच्या मध्यभागी क्लॉडिया नावाची पाच वर्षांची पोर आहे. लुई आणि लेस्टॅट तिला मरणाच्या दारातून ओढून अमर करतात. तिची बुद्धी वाढते, वासना आणि संताप वाढतात, परंतु देह मात्र कायम पाच वर्षांच्या मुलीचाच राहतो. मृत्यूपासून वाचविलेले मूल हे या कथेत वरदान ठरत नाही, अखंड यातना ठरते. रक्ताच्या रोगाने गेलेल्या आपल्या मुलीची छाया रक्तावर जगणाऱ्या या मुलीवर पडली आहे, हे लिहिताना आपल्या ध्यानी आले नव्हते, असे लेखिकेने पुढे सांगितले. भयकथेच्या वेषात आलेला हा शोकग्रंथ होता, आणि म्हणूनच त्याच्या वाचकांचे त्याच्याशी जडलेले नाते भीतीपेक्षा पुष्कळ खोल होते.

पुढे एक महत्त्वाची गोष्ट घडली आणि ती चाहत्यांचा क्षोभ समजून घेण्यास फार उपयोगी आहे. पहिल्या कादंबरीत लेस्टॅट आपणास लुईच्या डोळ्यांनी दिसतो, आणि त्या डोळ्यांना तो उथळ, खुनशी व स्वार्थी वाटतो. १९८५ च्या ‘द व्हँपायर लेस्टॅट’ या दुसऱ्या कादंबरीत लेखिकेने लेस्टॅटलाच आपली कैफियत मांडू दिली, आणि पहिल्या ग्रंथातील खलपुरुष दुसऱ्या ग्रंथाचा नायक झाला. १९८८ मध्ये ‘द क्वीन ऑफ द डॅम्ड’ हा तिसरा ग्रंथ आला, आणि त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये लेस्टॅटच्या नावाने चाहत्यांचा संघ स्थापन झाला. या संघाचे सभासद ऑक्टोबरअखेरीस, भुताखेतांच्या सणाच्या सुमारास, कादंबरीतील पात्रांची वेषभूषा करून नृत्यसमारंभ भरवू लागले. तेव्हा १९९३ साली जे वाचक लेस्टॅटच्या वतीने हरकत घेत होते, त्यांच्या मनातला लेस्टॅट पहिल्या कादंबरीतला नव्हताच; तो पुढच्या दोन ग्रंथांनी घडविलेला, समर्थन मिळालेला, प्रिय झालेला लेस्टॅट होता. ‘मूळ कादंबरीला धरून’ चित्रपट निघावा, अशी मागणी करणाऱ्यांपैकी किती जणांनी मूळ कोणते याचा विचार केला असेल? मुळात लेखिकेनेच एका माणसाची दोन चित्रे रेखाटली होती, आणि दोन्ही खरी होती.

चित्रपटाचे हक्क तर कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच सुमारास विकले गेले होते. पण ते एका कंपनीच्या दप्तरातून दुसरीच्या दप्तरात फिरत राहिले आणि मध्ये सतरा-अठरा वर्षे लोटली. लुई आणि लेस्टॅट या दोन पुरुषांतील जवळीक, आणि त्यांच्या घरात वाढणारी ती अमर बालिका, यांना मोठ्या भांडवलाच्या चित्रपटात जागा देण्याची निर्मात्यांची तयारी नव्हती. ही अडचण ओळखून राइसबाईंनी स्वतःच मधल्या काळात एक असा मसुदा तयार केला, की ज्यात लुई ही पुरुषवेष धारण करणारी स्त्री दाखविली होती. जी लेखिका पुढे नटाच्या केसांच्या रंगावरून जाहीर विरोधास उभी राहिली, तीच लेखिका आपली कथा पडद्यावर यावी म्हणून नायकाचे लिंग बदलण्यास एके काळी सिद्ध झाली होती, ही गोष्ट तिच्या निंदेसाठी सांगितलेली नाही. आपल्या अपत्याला जगात जागा मिळावी म्हणून कोणते बदल सोसावेत आणि कोणते सोसू नयेत, याचे माप खुद्द निर्मात्यालाही निश्चित ठाऊक नसते, एवढेच तिच्यावरून दिसते.

अखेर निर्माते डेव्हिड गेफेन आणि आयरिश दिग्दर्शक नील जॉर्डन यांनी हे काम हाती घेतले. ‘द क्राइंग गेम’ या चित्रपटाच्या पटकथेसाठी जॉर्डन यांना नुकतेच ऑस्कर मिळाले होते. लुईसाठी ब्रॅड पिट आणि लेस्टॅटसाठी क्रूझ अशी निवड झाल्यावर राइसबाईंनी वृत्तपत्रांना मुलाखती देऊन आपली नापसंती उघड केली. निदान या दोघांनी भूमिकांची अदलाबदल करावी, असेही सुचविले. लेखिकाच असे म्हणते म्हटल्यावर चाहत्यांच्या संतापाला जणू सनदच मिळाली. ज्याने अजून कॅमेऱ्यासमोर एक पाऊलही टाकले नव्हते, त्या नटाविरुद्धचा दावा पुराव्याविना निकालात निघाला.

येथे थांबून चाहत्यांची बाजू न्यायाने पाहिली पाहिजे. कादंबरीचे वाचन ही एकांतात होणारी निर्मिती आहे. लेखक शब्द पुरवितो. चेहरा, आवाज, चाल, खोलीतला अंधार आणि त्या अंधारातली चाहूल ही सारी वाचक आपल्या पदरची घालतो. एखाद्या ऐतिहासिक राजाची भूमिका असेल, तर निदान त्याचे चित्र कोठे तरी उपलब्ध असते आणि त्याच्याशी नटाचा चेहरा ताडून पाहता येतो. अद्भुत आणि भयानक या दोन रसांच्या संगमावर उभ्या असलेल्या कथेतील पिशाच्चाला मात्र जगात कोठेही मूळ नाही. त्याचे एकमेव निवासस्थान म्हणजे वाचकाचे मन. त्यामुळे चित्रपट जेव्हा लक्षावधी मनांतल्या लक्षावधी चेहऱ्यांच्या जागी एकच चेहरा कायमचा बसवितो, तेव्हा प्रत्येक वाचकाला आपल्या घरातून काही तरी उचलून नेल्यासारखे वाटते. ही वेदना खोटी नाही, आणि तिला पोरकट म्हणणारे लोक वाचन म्हणजे काय हे विसरलेले असतात.

परंतु वेदना खरी असली म्हणून हक्क अमर्याद होत नाही. आपल्या खेड्यापाड्यांत एखाद्याच्या मालकीच्या शेतातून गावाची पायवाट पिढ्यान्‌पिढ्या जात असते. सातबारा मालकाच्या नावे असला, तरी ती वाट त्याला नांगरून टाकता येत नाही, आणि गावकऱ्यांनाही त्या वाटेवरून चालतात म्हणून शेतात काय पेरावे याचा हुकूम सोडता येत नाही. वाचकाचा कादंबरीवरील हक्क या वहिवाटीसारखा आहे. पुस्तक नेहमी त्याच्या हाताशी राहते, त्यातला त्याचा लेस्टॅट कोणी हिरावून नेऊ शकत नाही, आणि नव्या कृतीने जुन्या कृतीचा आत्मा विकला असेल, तर तसे बजावून सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र तो अधिकार कृती पाहिल्यानंतर उत्पन्न होतो. पाहण्यापूर्वी जे असते, ती केवळ धास्ती.

चित्रपटाची निर्मिती धास्ती दूर करील इतक्या काळजीने झाली. लुईच्या हवेलीच्या बाह्यदृश्यांसाठी लुइझियानातील ‘ओक अ‍ॅली’ ही मिसिसिपी नदीकाठची जुनी वास्तू निवडण्यात आली. नदीच्या बाजूने या वास्तूकडे जाणाऱ्या वाटेवर ओक वृक्षांच्या दोन रांगा कमानीसारख्या एकमेकींना भिडलेल्या आहेत, आणि दास्यात पिचणाऱ्या माणसांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या त्या काळच्या वैभवाचा उदासपणा त्या छायेत आपोआप उतरतो. रंगभूषेची पद्धत तर विलक्षण होती. मृतांप्रमाणे पारदर्शक भासणाऱ्या त्वचेखाली निळसर शिरा दिसाव्यात म्हणून नटांना उलटे टांगण्यात येई. रक्त मस्तकाकडे धावून चेहऱ्यावरच्या शिरा फुगल्या, म्हणजे रंगभूषाकार नेमक्या त्या शिरांवरून बारीक रेषा ओढीत, आणि अशा रीतीने पिशाच्चाचा चेहरा नटाच्या स्वतःच्या शिरांनीच रेखला जाई. क्रूझने केस सोनेरी केले, वजन उतरविले आणि लेखिकेच्या शब्दांनी दुखावलेला असतानाही तिचेच ग्रंथ बारकाईने वाचून काढले. मुलाखतकाराची भूमिका रिव्हर फिनिक्स हा गुणी तरुण नट करणार होता. ३१ ऑक्टोबर १९९३ रोजी त्याचा अकाली मृत्यू झाला, ती भूमिका ख्रिश्चन स्लेटरकडे गेली, आणि चित्रपट फिनिक्सच्या स्मृतीस अर्पण करण्यात आला. क्लॉडियाच्या भूमिकेसाठी सुमारे अकरा वर्षांची कर्स्टन डन्स्ट निवडली गेली.

चित्रपट पूर्ण झाल्यावर गेफेन यांनी त्याची ध्वनिचित्रफीत राइसबाईंकडे पाठविली. त्यांनी ती पाहिली आणि मग जे केले, ते वाङ्मयाच्या आणि चित्रपटाच्या व्यवहारात क्वचितच घडते. त्यांनी चित्रपटव्यवसायाच्या ‘व्हरायटी’ या नियतकालिकात स्वतः दोन पानांची जाहिरात देऊन चित्रपटाची आणि विशेषेकरून क्रूझच्या लेस्टॅटची मुक्तकंठाने स्तुती केली. ज्या नटाविरुद्ध त्यांनी चारचौघांत आवाज उठविला होता, त्याच्याबद्दलचा आपला निर्णय चुकला, हे त्यांनी चारचौघांतच कबूल केले. निंदा जाहीर करून स्तुती खाजगी पत्रात उरकण्याचा सोपा मार्ग त्यांना मोकळा होता. तो त्यांनी स्वीकारला नाही.

११ नोव्हेंबर १९९४ रोजी चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि जगभरात त्याने सुमारे २२ कोटी डॉलर मिळविले. नेपथ्यरचना आणि संगीत यांसाठी त्याला ऑस्करची नामांकने मिळाली, छायाचित्रण व नेपथ्यरचना यांसाठी ब्रिटनचे बाफ्टा पुरस्कार मिळाले. पुष्कळ चाहत्यांनी लेखिकेप्रमाणेच आपला दावा मागे घेतला. पण सर्व तक्रारी मिटल्या असे नाही, आणि ज्या उरल्या त्या अधिक विचार करण्याजोग्या आहेत, कारण त्या पाहिल्यानंतरच्या आहेत. कादंबरीत लुईचे आयुष्य भावाच्या मृत्यूने उद्ध्वस्त होते आणि त्या मृत्यूत त्याचा स्वतःचा अपराध मिसळलेला आहे. चित्रपटात भावाच्या जागी पत्नी आणि अपत्य आले, शोक अधिक परिचित झाला, पण अपराधाची ती बोच नाहीशी झाली. कादंबरीतील आर्मां हा सतरा वर्षांच्या कोवळ्या मुलाच्या रूपात अडकलेला प्राचीन जीव आहे. चित्रपटात आंतोनियो बांदेरास या प्रौढ, कृष्णकेशी नटाने तो साकारल्यामुळे देह आणि वय यांतील ती भीषण विसंगती हरपली. क्लॉडियाचे वय वाढविणे मात्र चाहत्यांनीही समजून घेतले, कारण पाच वर्षांच्या बालिकेकडून तो अभिनय करवून घेणे अशक्य आणि अनुचितही ठरले असते. शिवाय डन्स्टने त्या वयात जो अंतःकरण पिळवटणारा क्रोध व्यक्त केला, त्याने पुष्कळांचे समाधान झाले. नट कोण, यावर सुरू झालेली फिर्याद अर्थ काय, या प्रश्नावर येऊन ठेपली, आणि चाहत्यांच्या चर्चेची उंची वाढली ती येथे.

प्रत्येक निवाडा असा अनुकूलच लागतो, असे मात्र समजू नये. २००२ साली ‘क्वीन ऑफ द डॅम्ड’ हा चित्रपट दोन कादंबऱ्या एकत्र कोंबून काढण्यात आला. लेस्टॅटला पिशाच्च करणारा मॅग्नस वगळून ते कृत्य मारियस या दुसऱ्याच पात्राच्या माथी मारले गेले. चाहत्यांनी तो पाहिला आणि नाकारला. राइसबाईंनीही आपल्या वाचकांना तो विसरून जाण्याचाच सल्ला दिला. जर्मन लेखक मिखाएल एंडे यांचा अनुभव याहूनही कटू आहे. त्यांच्या १९७९ च्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ या अद्भुत कादंबरीवर १९८४ मध्ये निघालेल्या चित्रपटात ग्रंथाचा जेमतेम पूर्वार्ध आला. कल्पनेच्या राज्यात हरवलेल्या मुलाला परत येण्यासाठी काय किंमत मोजावी लागते, हा उत्तरार्धाचा गाभाच गळाला. एंडे न्यायालयात गेले आणि हरले. कायद्याने मालकी ठरते, निष्ठा ठरत नाही, हे त्या खटल्याने दाखविले. आणि जेथे कायदा हात टेकतो, तेथे वाचकाची साक्ष हाच मूळ ग्रंथाचा एकमेव आधार उरतो.

अ‍ॅन राइस ११ डिसेंबर २०२१ रोजी वारल्या. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, याच कादंबरीवरची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि तिने १९९४ च्या चित्रपटाहून कितीतरी मोठे बदल केले. लुई अठराव्या शतकातील गोरा मळेमालक राहिला नाही. तो विसाव्या शतकाच्या आरंभीच्या न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय क्रिओल व्यावसायिक झाला, आणि जी प्रीती चित्रपटाने सूचित करून सोडली होती ती मालिकेने उघडपणे कथेच्या केंद्रस्थानी आणली. प्रारंभी पुन्हा तोच क्षोभ, तीच कठोर पत्रे. परंतु मालिका पाहिल्यावर अनेक निष्ठावंत वाचकांनी मान्य केले, की काळ, वर्ण आणि व्यवसाय बदलूनही कादंबरीचे मर्म, म्हणजे अमरत्वाने शोक संपत नाही ही जाणीव, येथे शाबूत आहे. अक्षराशी प्रामाणिक राहून अर्थ गमावता येतो आणि अक्षर बदलून अर्थ राखता येतो, हे एकाच ग्रंथाच्या या दोन-तीन अवतारांवरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच होत असेल.

मराठी वाचकाला हा सारा विषय परका वाटण्याचे कारण नाही. नारायण धारप यांच्या कथा-कादंबऱ्यांनी आपल्याकडे भयाची एक स्वतंत्र अभिरुची निर्माण केली. त्यांच्या ‘लुचाई’मधून रक्तपिपासू पिशाच्च मराठी घरांत केव्हाच शिरले आहे. २०१८ साली राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. त्यामागे धारपांच्या एका कथेची प्रेरणा होती, आणि नावातून श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण जागी होत होती. त्या वेळी या चित्रपटाला बेताचाच आश्रय मिळाला. पण ज्यांनी तो पाहिला त्यांनी त्याचा पाठपुरावा सोडला नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुनःप्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या खेपेहून अधिक उत्पन्न मिळविले. चाहत्यांची निष्ठा विरोधातच दिसते असे नाही. दुर्लक्षित कृतीला सहा वर्षांनी प्रेक्षागृहात परत आणण्याचे सामर्थ्यही तिच्यात आहे.

म्हणून आवडत्या ग्रंथावर चित्रपट निघणार असल्याची वार्ता कानी आली, म्हणजे वाचकाने प्रथम तो ग्रंथ पुन्हा एकवार वाचावा, आपल्याला त्यातले नेमके काय जपावेसे वाटते हे स्वतःशी ठरवावे, आणि मग चित्रपट पाहूनच आपला निवाडा द्यावा. तो प्रतिकूल असेल तर कारणांसह निर्भयपणे सांगावा, कारण मूळ कृतीची बाजू मांडणारा त्याच्याशिवाय दुसरा मुखत्यार नाही. आणि पूर्वी बोललेले चुकीचे ठरले, तर ज्या आवाजात दोष दिला होता त्याच आवाजात ते मागे घ्यावे. अ‍ॅन राइस यांनी १९९४ साली हेच केले, आणि वाचक म्हणून मिरविणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याकडून निदान एवढे तरी शिकावे.